काळ्या रानाचं विमान

विमानावर थेट रंग मारायचा नाही, आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवून घ्यायचा, एवढंच श्रीमंतरावांनी ठरवलं होतं. त्या ठरवण्यात काही वावगं होतं असं आजही कुणी म्हणत नाही. श्रीमंतराव मुळात जपून वागणारे गृहस्थ. पेन आधी तळहातावर ओढून बघतील आणि मगच कागदावर टेकवतील. (त्यामुळं कागद स्वच्छ राहतो आणि तळहात निळा.) त्यांच्या आयुष्यातले झाडून सगळे घोळ या जपून वागण्यातूनच झालेत, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे दीपमालाबाईंचं मत आहे, आणि अकरा वर्षांच्या संसारात त्यांनी या मताला भरपूर पुरावे गोळा केलेले आहेत.

श्रीमंतराव धाराशिवला एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर असतात. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो पुढं सरकवायचा. कागद कुठं अडकलाय हे विचारायला दिवसभर माणसं येतात, पण टेबलामागं कोण बसलंय इकडं कुणाचं लक्ष जात नाही. कचेरीत कुणी रिटायर झालं की फोटो निघतो. त्या प्रत्येक फोटोत श्रीमंतराव आहेत. कधी कुणाच्या खांद्यामागं, कधी कुणाच्या फेट्यामागं, आणि एकदा तर नुसतं त्यांचं एक कोपर आलंय. अशा माणसाला आपल्या हातचं काहीतरी चार लोकांनी बघावं असं वाटलं तर त्यात नवल नव्हतं. त्यांनी प्लास्टिकची छोटी विमानं जोडायला घेतली.

खोक्यातून दीड-दोनशे बारीक तुकडे निघतात. ते चिमट्यात धरून, श्वास रोखून जोडायचे, मग रंगवायचे. रंगवायला त्यांनी एअरब्रश घेतला. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी पिचकारी, तिला एक नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा मारणारा कॉम्प्रेसर. बोट दाबलं की हवा येते आणि तेच बोट मागं ओढलं की रंग धुक्यासारखा उडतो. किती दाबायचं आणि किती ओढायचं यात सगळी विद्या आहे. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर या विद्येचा सराव करताना वारा फिरला आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडया लष्करी हिरव्या झाल्या. दीपमालाबाईंनी चार दिवस राबून तेवढ्याच कुरडया घालून दिल्या. त्या चार दिवसांत घरात बोलण्याचा आवाज फक्त टीव्हीचा होता.

पण शेजारीण काय म्हणते, कचेरी काय म्हणते, याचं श्रीमंतरावांना खरं म्हणजे फारसं सोयरसुतक नव्हतं. त्यांना हवा होता एका माणसाचा एक शब्द. माणूस म्हणजे सास्तूरचे त्यांचे सासरे महालिंगप्पा, आणि शब्द म्हणजे 'वा'.

महालिंगप्पा कमी बोलतात. एखादी गोष्ट मनापासून आवडली तर 'वा' म्हणतात, बाकी सगळ्याला 'असू द्या'. वेळेवर आलेल्या पावसाला त्यांनी 'वा' म्हटलंय. चांगल्या आंबलेल्या आंबिलीला म्हटलंय. मुलानं, बंडप्पानं, सरळ पेरणी केली तेव्हा त्याच्याकडं न बघता का होईना, पण म्हटलंय. शेजारच्या रेड्याला सुद्धा एकदा म्हटलंय. अकरा वर्षांत जावयाला मात्र एकदाही नाही. श्रीमंतरावांनी पहिलं विमान मोठ्या हौसेनं नेऊन दाखवलं होतं. महालिंगप्पांनी ते उलटंपालटं करून विचारलं, "उडतं का?" श्रीमंतराव म्हणाले, नाही उडत. मामा म्हणाले, "मग असू द्या."

त्यावर श्रीमंतरावांनी दोन वर्षं विचार केला आणि त्यांना एक नामी कल्पना सुचली. नव्या लढाऊ विमानाच्या खोक्यावर जे चित्र होतं त्यात विमानाला वाळवंटाचे पट्टे होते. विमान खालच्या जमिनीत मिसळून जावं, वरून बघणाऱ्या शत्रूला दिसू नये, म्हणून असे पट्टे देतात. पण मामांना वाळवंटाचं काय कौतुक? पट्टे द्यायचे तर मामांच्या रानाचे द्यावेत. काळी माती, वाळलेला कडबा आणि हरभऱ्याचा हिरवा पाला. विमान हातात घेतल्याबरोबर मामांनी ओळखलं पाहिजे की हे आपलं रान आहे.

दसऱ्याला सासुरवाडीला गेले तेव्हा त्यांनी मामांच्या रानातली मूठभर माती कचेरीच्या पाकिटात भरून आणली आणि वर लिहिलं, 'नमुना क्र. १'. कडब्याचं धाट हा नमुना दोन झाला. हरभरा दसऱ्याला नसतो, म्हणून नमुना तीन बंडप्पाकडून कार्तिकात एसटीच्या कंडक्टरबरोबर मागवला. मग रोज संध्याकाळी बशीत रंग कालवायचे, मातीशेजारी धरायचे, उन्हात बघायचे, सावलीत बघायचे. ओल्या मातीचा काळा वेगळा आणि भेगाळलेल्या मातीचा वेगळा, हे इतकी वर्षं धाराशिवमध्ये राहून त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी रंग असा जमला की बशीत माती कुठली आणि रंग कुठला हे बोट लावल्याशिवाय कळेना. दीपमालाबाईंनी ती बशी दोनदा घासायला टाकली.

विमान दाखवायचा दिवसही त्यांनी ठरवला. येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला इकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच धोंडे मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि आंबील. ज्याला रान आहे त्यानं ज्याला नाही त्याला जेवायला बोलवायचं. श्रीमंतरावांनी यंदा आपल्या साहेबांना बोलावलं. (साहेब तीन वर्षं त्यांना 'आवक-जावक' या नावानं हाक मारत होते. विमान बघितल्यावर नाव विचारतील, अशी आशा होती.)

तर येळवशीच्या आदल्या दिवशी श्रीमंतराव, दीपमालाबाई, कॉम्प्रेसर आणि बुटांच्या खोक्यातलं न रंगवलेलं विमान असे चौघे सास्तूरला उतरले. भूकंपानंतर बांधलेल्या घरांना असतं तसं मामांच्या घरामागं ऐसपैस अंगण आहे आणि कडेला पत्र्याचं शेड. शेडात लाइट होती. दीपमालाबाईंनी नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली की इथं माझ्या आईचं घर आहे, विमान सोडून कशाला रंग लावू नका. श्रीमंतरावांनी मान डोलावली. मान डोलावताना ती मनापासून डोलावली होती.

दुपारी त्यांनी पिचकारी भरली, विमानासमोर धरली आणि परत खाली ठेवली. तीन महिन्यांची मेहनत पहिल्याच फवाऱ्यात वाया गेली तर? कागदावर सराव करून उपयोग नव्हता, कारण विमान गोल आणि कागद सपाट. काहीतरी गोलसर, गुळगुळीत, हातात मावणारं हवं होतं. त्यांनी शेडाबाहेर बघितलं, तर पोत्यावर पाच धोंडे होते. स्वच्छ, कोरडे, लहानमोठे, एकापेक्षा एक गुळगुळीत. बघून असं वाटावं की कुणी सरावासाठीच काढून ठेवलेत.

आता हे पांडव होते, हे श्रीमंतरावांना कळायला हवं होतं का? त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अकरा वर्षं ते येळवशीला ऐन पंगतीच्या वेळी पोचायचे आणि लांबून हात जोडायचे. त्यांनी पांडव बघितले होते ते कोपीतले, चुन्यानं पांढरे शुभ्र झालेले. हे धोंडे तर राखाडी होते. यंदा शेतात पाण्याची पाइपलाइन टाकताना खोदकाम निघालं, म्हणून सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, पांडवांना घरी आणलं होतं. इतक्या वर्षांच्या चुन्याचे पापुद्रे सुटायला लागले होते, तर ते घासून काढले, पाचही जणांना आंघोळ घातली आणि वाळत ठेवलं. नवा चुना उद्या रानात द्यायचा होता. यातलं जावयाला कुणी काही सांगितलं नाही. जावयाला असलं कुणी सांगत नसतं, त्याला फक्त वाढत असतात.

पहिला धोंडा बिघडला. रंग पातळ झाला आणि ओघळला. दुसऱ्यावर कडब्याचा पट्टा जरा जाड आला. तिसऱ्यावर कडा धूसर झाल्या, म्हणून श्रीमंतराव स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि थोडी कणीक मागितली. कणकेच्या वळकट्या रंगाच्या आड ठेवल्या की पट्ट्यांच्या कडा नेटक्या येतात. चांगुणाबाई उंड्यांच्या गडबडीत होत्या. जावई मळलेली कच्ची कणीक मागतोय म्हटल्यावर त्यांनी लेकीकडं अशा नजरेनं बघितलं की दीपमालाबाईंना उगाच अपराध्यासारखं झालं. "जावईबापू, दोन मिनिटं दम धरा, भाकर टाकते की," त्या म्हणाल्या. श्रीमंतराव म्हणाले, नको, अशीच चालेल. ते कणीक घेऊन गेल्यावर चांगुणाबाईंनी लेकीला हळूच विचारलं की तिकडं तू यांना जेवायला घालतीस ना.

चौथा धोंडा चांगला झाला. पाचवा, सगळ्यात लहान, असा झाला की श्रीमंतराव स्वतःच त्याच्याकडं बघत राहिले. काळ्या मातीच्या भेगा, त्यात अडकलेला कडब्याचा पाचोळा, एका अंगाला हरभऱ्याची सावली. आपल्या हातून असं काही होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. छाती भरून आली. मग शिस्तीचे असल्यामुळं त्यांनी पाचही धोंडे होते तसे, त्याच क्रमानं पोत्यावर परत ठेवले, शेडाचं दार लावलं आणि बसलेल्या हातानं विमान रंगवायला घेतलं. ते दार उघडेपर्यंत दिवेलागण झाली. बाहेर पोतं नव्हतं. कुणीतरी आवरलं असेल म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

पोतं बंडप्पानं नेलं होतं. आईनं चुलीपासूनच ओरडून सांगितलं, कडब्याबरोबर पांडवालाबी घिऊन जा रं. त्यानं मान वर न करता पोत्याची चार टोकं धरून गाठ मारली, मोटारसायकलला बांधलं आणि रानात जाऊन कोपीच्या जागेपाशी ओतलं. ओतल्यावर ते गडगडले असतील, पण तेव्हा अंधारून आलेलं आणि त्याला कोप उभी करायची घाई.

सकाळी नऊला सगळे रानात पोचले. चपला बांधावर काढून अनवाणी आत गेले. कोप उभी होती, वर हिरवी शाल होती, ज्वारी कमरेच्या वर आलेली. श्रीमंतरावांनी विमानाचं खोकं छातीशी धरलं होतं. पूजा झाल्यावर, साहेबांच्या देखत, मामांना दाखवायचं. पण हातात देऊन काय मजा? त्यांनी विमान ज्वारीच्या कडेला मातीवर ठेवलं आणि सात पावलं मागं येऊन बघितलं. विमान विरघळलं होतं. खात्री करून घ्यायला ते एकदा परत गेले आणि हात लावून आले. होतं. रिकामं खोकं त्यांनी बांधावर ठेवलं.

तेवढ्यात कोपीतून चांगुणाबाईंची हाक आली, चुना कालवलाय, पांडव कुठायत?

बंडप्पा म्हणाला इथंच वतलेत. चांगुणाबाई म्हणाल्या इथं तर काही नाही. बंडप्पानं कोपीभोवती चक्कर मारली, मग उलटी मारली. महालिंगप्पांनीही येऊन बघितलं. नुसती ढेकळं आणि कोप रचताना सांडलेला कडब्याचा पाचोळा. चोरी म्हणावी तर धोंडे कोण चोरणार? बंडप्पा शपथा घ्यायला लागला आणि चांगुणाबाईंचा आवाज बारीक झाला.

"मी ह्या घरात आले त्या सालापासनं हेच पाच हायती," त्या म्हणाल्या. "भुईकंपात घर गेलं, भांडं गेलं, हे जागचं हाललं न्हाईत. काल आंघुळ घालून शेडापाशी पोत्यावर वाळत ठिवलं, तेवढीच चूक झाली माझी."

शेडापाशी. पोत्यावर. पाच. श्रीमंतरावांनी मनातल्या मनात कालचे धोंडे मोजले. त्यांनी दीपमालाबाईंकडं बघितलं. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. बोलावं तर आत्ताच बोलायला हवं होतं, हे श्रीमंतरावांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्यातला जपून वागणारा माणूस म्हणाला की आधी गुपचूप शोधून तर बघू, मिळाले तर पुसून ठेवू. ते खाली वाकून कोपीभोवती फिरायला लागले. आणि त्यांना आपलंच काम दिसेना. दोन मिनिटांनी भीती वाटली, चार मिनिटांनी घाम फुटला, आणि या सगळ्याखाली कुठंतरी, सांगायला लाज वाटते, थोडा अभिमानही वाटला.

एवढ्यात साहेब आले. बरोबर कचेरीतले दोघं. तिघांनीही सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं, कारण येळवशीला भरल्या पोटी जाणारा माणूस मूर्ख. "काय आवक-जावक," साहेब म्हणाले, "पंगत कधी?" पांडव सापडल्यावर, असं बंडप्पानं सांगितलं. साहेबांनी बूट काढले आणि भज्जीच्या पातेल्याकडं बघत उभे राहिले.

श्रीमंतराव गडबडीनं त्यांच्याकडं निघाले आणि त्यांचा अंगठा कशावर तरी असा आदळला की डोळ्यांपुढं तारे चमकले. ढेकूळ लागल्यावर फुटतं. हे फुटलं नाही. ते खाली बसले, चाचपलं, दोन्ही हातांनी उचललं. भीम होता.

सगळे गोळा झाले. सगळ्यांनी भीमाकडं बघितलं, मग मातीकडं, मग पुन्हा भीमाकडं, आणि मग एकदमच श्रीमंतरावांकडं.

"आवं," दीपमालाबाई अगदी हळू म्हणाल्या, "हे तुमचं काम हाय का?"

श्रीमंतरावांनी सगळं सांगितलं. सराव, गोल विमान, सपाट कागद, नमुना क्रमांक एक ते तीन. कणकेचं आलं तेव्हा चांगुणाबाईंच्या तोंडावर जरा सुटकेचा भाव आला, पण तेवढाच. त्या कोपीच्या दारात बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. नुसत्या मांडीवरच्या भीमावरून हात फिरवत होत्या. श्रीमंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांचा शब्द, साहेबांचं कौतुक, सगळं डोक्यातून उडालं. हे पाच धोंडे या बाईला परत मिळावेत, बस, एवढंच त्यांना हवं होतं.

डोळ्यांचा उपयोग नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मग महालिंगप्पांनी सगळ्यांची रांग लावली, खांद्याला खांदा, अनवाणी, आणि पाय घासत पुढं सरकायला सांगितलं. येळवशीच्या दिवशी एक अधिकारी, दोन कारकून आणि एक अख्खं घर पायानं पांडव शोधतंय, हे बघायला शेजारच्या रानातली माणसं पोळी हातात घेऊन बांधावर आली. धर्मराज बंडप्पाच्या टाचेला लागले. अर्जुन साहेबांच्या करंगळीनं टिपला. साहेब एका पायावर उड्या मारत बांधापर्यंत गेले. नकुल दीपमालाबाईंना सापडला, पण त्यांनी तो उचलला तेव्हा नवऱ्याकडं असं बघितलं की त्याच्यापेक्षा अंगठ्याची ठेच बरी.

सहदेव मात्र सापडेना. तोच पाचवा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात साधलेला. रांग तीनदा गेली, तीनदा आली. बंडप्पा म्हणाला, ओढ्यातला एक धोंडा आणतो, चुना लावला की झालं. चांगुणाबाईंनी नुसती मान हलवली. पोटचा हरवल्यावर दुसऱ्याचा आणून कुणी निजवतं का, असं त्या म्हणाल्या.

साहेब दमून खाली बसले. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी पाणी प्यायलं आणि तांब्या शेजारच्या ढेकळावर ठेवला. महालिंगप्पा समोर उभे होते. त्यांनी तांब्याकडं बघितलं. जरा वेळ बघतच राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "तांब्या उचला बरं."

साहेबांनी उचलला.

"ढेकळावर भरला तांब्या उभा ऱ्हात न्हाय. दाबून बसतंय ढेकूळ," महालिंगप्पा म्हणाले, आणि वाकून त्यांनी सहदेवाला उचललं. तळहातावर घेऊन त्यावर फुंकर मारली. पाचोळा उडेल असं वाटलं असणार. उडाला नाही, कारण तो रंगवलेला होता. नखानं भेग खरवडली. भेगही रंगवलेली. त्यांनी धोंडा डोळ्याजवळ नेला, मग हातभर लांब धरला, मग खाली मातीशी धरून बघितला.

"पन्नास वरसं ह्या रानात राबतुय मी," ते म्हणाले. "माझ्याच रानात मला माझं पांडव दिसलं न्हाईत."

श्रीमंतराव एक पाऊल पुढं सरकले. मामांचं तोंड उघडं होतं. शब्द ओठावर आला होता, हे ते आजही शपथेवर सांगतात. पण चांगुणाबाईंनी चुन्याची वाटी पुढं करून सहदेवाला मागून घेतलं, आणि तो शब्द तिथंच राहिला.

चुनाही लागला नाही. श्रीमंतरावांचा रंग असा गुळगुळीत बसला होता की त्यावरून चुना पाण्यासारखा ओघळून जायचा. तीनदा लावला, तीनदा गेला. आता काय करायचं म्हणून सगळ्यांनी महालिंगप्पांकडं बघितलं. ते म्हणाले, अज्ञातवासात असतील, असू द्या. मग चांगुणाबाईंनी तशाच पाचही जणांना कोपीत मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. लष्करी गणवेशातले ते पांडव मागच्या कडब्यात आणि खालच्या मातीत इतके मिसळून गेले की पूजा करताना नुसते कुंकवाचे पाच ठिपके हवेत दिसत होते. साहेबांनी ठिपक्यांना नमस्कार केला.

पूजा झाल्यावर श्रीमंतराव सासूबाईंच्या पाया पडले. चुकलं, म्हणाले. चांगुणाबाईंनी पदरानं हात पुसले.

"अकरा वरसं ताटावर येऊन बसलात, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पांडवाला हात लावला तो ह्याच साली. बरं केलं." आणि त्यांनी जावयाच्या ताटात दोन उंडे जास्तीचे वाढले, वर कच्च्या कणकेचा एक गोळाही ठेवला. दीपमालाबाई तोंडावर पदर धरून हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या, आणि श्रीमंतरावांचा घास सुखानं खाली उतरला.

आंबिलीची दुसरी वाटी झाल्यावर महालिंगप्पांनी मिशा पुसल्या आणि स्वतःहून म्हणाले, "धोंड्यावर येवढं केलंय, मग ते इमान कसं केलं असल? दावा की."

श्रीमंतरावांचे कान तापले. इतक्या वर्षांत मामांनी त्यांच्याकडं काही मागितलं होतं का? साहेबही म्हणाले, हो हो, दाखवा, श्रीमंत. (नाव कुणाकडून कळलं कुणास ठाऊक.) श्रीमंतराव ऐटीत उठले, सगळ्यांना ज्वारीच्या कडेला घेऊन गेले आणि हात पुढं करून म्हणाले, "हे बघा."

सगळ्यांनी बघितलं. ज्वारी होती. माती होती.

"कुठं?" साहेब म्हणाले.

श्रीमंतराव दोन पावलं पुढं गेले. मग चार पावलं उजवीकडं. मग खाली वाकले, आणि त्यांची पाठ बघूनच दीपमालाबाईंना सगळं कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला. बंडप्पानं रांग लावायची का विचारलं, तेव्हा साहेब घाईघाईनं बूट घालायला निघून गेले. बाकीच्यांनी दिवस कलेपर्यंत शोधलं. पांडव निदान पायाला लागत होते. विमानाला पाय लागू नये म्हणून यावेळी सगळे मांजरासारखे चालत होते, आणि तसं चालून काही सापडत नसतं. परतीच्या एसटीत श्रीमंतराव रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

त्यानंतर ते दर रविवारी बंडप्पाला फोन करायचे. पुढं तोही फोन उचलेनासा झाला. कॉम्प्रेसर माळ्यावर गेला. कचेरीत साहेब पुन्हा 'आवक-जावक' म्हणायला लागले.

फाल्गुनात, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत, एका सकाळी कचेरीत त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्यांच्या हातातला शिक्का पडला. महालिंगप्पांनी त्यांना आजवर कधी फोन केला नव्हता.

"जावईबापू, इमान घावलं."

श्रीमंतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. कुठं सापडलं, मामा?

"माझ्या टाचंखाली."

मोडलं का, हे विचारायला त्यांची जीभ रेटेना. पण मामांनीच सांगितलं, कडकन वाजलं म्हणूनच कळलं. पलीकडून ज्वारी उपटायचा आवाज येत होता.

"तीन महिनं रोज ह्याच कडंनं जातुय," महालिंगप्पा म्हणाले. "बैलं गेली, बाया गेल्या, साऱ्या गावाचं पाय हितनं गेलं. कुणाला दिसलं न्हाय. लई नामी रंगवलंय." आणि जरा थांबून म्हणाले, "वा."

श्रीमंतरावांचे डोळे भरून आले. टेबलापुढं माणसं उभी होती, कागद वाऱ्यावर उडत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. अकरा वर्षं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "आता हातात घेतल्यावर कसं दिसतंय, मामा?"

"दिसंना की," महालिंगप्पा म्हणाले. "फोन लावताना हातातनं खाली पडलं. तेच हुडकायलोय."